नमस्कारातली फट

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी सगळ्यात आधी नमस्कार करायला लावत असे. बरेच जण बिचकत. एक आजोबा तर सरळ म्हणाले होते, "अहो, फी देतोच आहे, वर नमस्कारही करायचा?" माझ्या मानापानाशी त्याचा काही संबंध नव्हता. कोपरं उचलून दोन्ही तळवे एकमेकांवर सपाट दाबायचे, एवढंच मी सांगे. मनगट सुजलेलं असेल किंवा बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आखडलेले असतील, तर तळवे जुळत नाहीत, मध्ये फट राहते. रक्ताचे रिपोर्ट यायचे तेव्हा येत. फट मात्र समोर दिसायची आणि माणूस खुर्चीत टेकायच्या आत माझं निम्मं काम झालेलं असायचं.

मी सांध्यांची डॉक्टर, हाडांची नव्हे. हा खुलासा मी आयुष्यभर करत आले आणि निवृत्त झाल्यावर या दिवाळी अंकातही करते आहे, त्यावरून तो आजवर किती जणांना पटला असेल याचा अंदाज यावा. हाड मोडलं की हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. न पडता, न आपटता सांधे आपोआप सुजायला लागले, सकाळी उठल्यावर ब्रशवर पेस्ट काढता येईना, चहाचा कप उचलेना, की माझ्याकडे यायचं. यातले बरेच आजार असे, की शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटलेली असते. पुस्तकात त्यांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. पेशंट ऑटोइम्यून म्हणतात आणि तेच तोंडात बसलं आहे. आमवात हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. माझी निम्मी हयात त्याच्याशी भांडण्यात गेली.

आजार काय आहे हे सांगितलं की लोक ऐकून घेतात. त्यांना खरा छळतो तो दुसरा प्रश्न. हे कशामुळे झालं? आणि बहुतेक जण उत्तर घरूनच घेऊन येतात. वांगं, दही, फ्रिजचं पाणी, ऑफिसातला एसी, बाळंतपणात सासूने नीट शेकलं नाही. मी ऐकून घ्यायची. वांग्यावरचे आरोप ऐकून ऐकून मला वांग्याविषयी सहानुभूती वाटायला लागली होती. पण एक उत्तर असं होतं की ते मला हसून सोडून देता येत नसे. "मॅडम, आधी ताप आला होता. त्यानंतर हे सुरू झालं."

त्यात तथ्य आहे, म्हणून हसता येत नसे. काही विषाणू शरीरात शिरतात, ताप येतो, ताप जातो, विषाणूही जातो, आणि मागे शरीराने स्वतःशीच मांडलेलं भांडण राहतं. असं होऊ शकतं याच्या खुणा बऱ्याच आहेत. पण समोर बसलेल्या या एका माणसाच्या बाबतीत असंच झालं का, हे छातीठोकपणे सांगायची सोय मला शेवटपर्यंत मिळाली नाही.

सदाशिव पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक माझ्याकडे येत. विषय तर्कशास्त्र. 'एक गोष्ट दुसरीनंतर झाली, म्हणून ती दुसरीमुळेच झाली असं नाही', हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या डोक्यात भरलं होतं. स्वतःचे गुडघे सुजल्यावर मात्र ते म्हणाले, "तापानंतर झालं, म्हणजे तापामुळेच."

"सर, हे तुम्हीच चूक म्हणून शिकवत होतात ना?"

"ते परीक्षेत. हे गुडघे आहेत," ते म्हणाले. "आणि तुम्ही आधी मला सांगा, गेलेला विषाणू गुडघा कसा सुजवेल?"

त्यांना समजावताना मला त्यांच्याच सोसायटीचा वॉचमन सापडला. समजा, सोसायटीत चोरी झाली. चोर पिवळा शर्ट घालून आला होता. दुसऱ्या दिवसापासून वॉचमनला सक्त ताकीद मिळाली, आणि तो पिवळा शर्ट दिसेल त्याला फाटकातच धरायला लागला. चोर केव्हाच पसार झालाय, पण दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांकडे नेमका पिवळा शर्ट आहे आणि ते रोज मार खातायत. जोशीकाका म्हणजे तुमचे गुडघे.

प्राध्यापकांना हे इतकं आवडलं की त्यांनी वेटिंग रूममध्ये बसून ते इतरांना समजावायला सुरुवात केली. त्यांच्या गुडघ्यांची सूज पुढेही मुक्काम ठोकून राहिली. औषधं सुरू झाली, ते चालते-फिरते झाले, पण विषाणूवरचा आरोप त्यांनी कधी मागे घेतला नाही आणि मलाही त्याची निर्दोष मुक्तता करता आली नाही.

मग चिकुनगुनियाची मोठी साथ आली. पावसाळा सरता सरता वाघोली, खराडीकडच्या नव्या सोसायट्यांतून माणसं गटागटाने यायला लागली. तिथे बांधकामांच्या खड्ड्यांत आणि उघड्या टाक्यांत पाणी साठलेलं, आणि त्यात डासांचा सुकाळ. एकाच लिफ्टने वर-खाली करणारी माणसं माझ्या वेटिंग रूममध्ये भेटून "अहो, तुम्हीसुद्धा?" म्हणत होती. अख्ख्या बिल्डिंगचा नमस्कार जुळत नव्हता.

चिकुनगुनियाचा ताप काही दिवसांत उतरतो, पण सांधे धरून ठेवतो. हात, मनगटं, घोटे असे काही सुजतात की आमवात शेजारी उभा केला तर दोघांतला फरक ओळखू येऊ नये. बहुतेकांचं दुखणं हळूहळू आपोआप विरतं. काहींचं विरत नाही, ते तसंच पुढे चालू राहतं. आमची खरी पंचाईत सुरुवातीच्या आठवड्यांत असते. विषाणूचंच दुखणं असेल, तर थांबायचं. जबर औषधं उगाच कशाला? पण आमवात असेल, तर थांबायचं नाही, कारण तो सांधा आतून कुरतडतो आणि कुरतडलेला सांधा परत भरून येत नाही. मग ठरवायचं कसं? रक्ताच्या तपासण्या असतात, पण त्या दरवेळी एका बाजूने बोलतील असं नाही. उरते चौकशी. कधी सुरू झालं, कुठून सुरू झालं, सकाळी जास्त की संध्याकाळी. माझा धंदा निम्मा डॉक्टरचा आणि निम्मा पोलीस पाटलाचा होता.

हिंजवडीतला एक तरुण इंजिनिअर आला होता. दोन्ही मनगटं सुजलेली. "मॅडम, सिम्पल क्वेश्चन आहे. व्हायरल की ऑटोइम्यून? येस ऑर नो."

"अजून सांगता येत नाही. थोडं थांबू."

"थांबायचं म्हणजे ट्रीटमेंट काय?"

"थांबणं हीच ट्रीटमेंट."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कंपनीचा सर्व्हर बंद पडल्यावर चहा प्यायला सुचवलं होतं. हिवाळा संपेपर्यंत तो ठणठणीत बरा झाला आणि 'डॉक्टर काहीच करत नाहीत' असा शेरा मारून त्याने इंटरनेटवर मला एक तारा दिला. तो तारा मी अजून जपून ठेवला आहे. त्या साथीत माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात बिनचूक काम होतं.

त्याच दिवसांत वैशाली गजभिये आल्या. पस्तिशीच्या आसपासच्या, मूळच्या भंडाऱ्याकडच्या, पुण्यात एका सरकारी कचेरीत लिपिक. यजमान सणसवाडीच्या कारखान्यात, घर वाघोलीला. नमस्कार करायला सांगितला. त्यांनी तळवे जवळ आणले, ओठ घट्ट मिटले, आणि बऱ्यापैकी मोठी फट ठेवून हात तिथेच थांबले.

"ऑफिसचं मी निभावून नेते मॅडम," त्या म्हणाल्या. "दोन बोटांनी टाइप करते. पण घरी बोलता येत नाही."

मी टॉर्च उचलला. "घसा दुखतो?"

"घसा नाही. माझ्या पोरीला ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो."

मी टॉर्च खाली ठेवला. इतक्या वर्षांत माझ्याकडे सतारवादक आले होते, शिंपी आले होते, दाताचे डॉक्टर आले होते. हात दुखले की पोट कसं भरायचं, या काळजीत असलेली माणसं मी रोज बघत होते. हात दुखले म्हणून आई मुकी झाली, हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"'जेवली का', 'चल', 'झोप', एवढं जमते," त्या सांगत होत्या. "गोष्ट नाही सांगता येत. धड रागावता पण नाही येत. बोटं वळतच नाहीत, मग शब्द भलताच होते. आणि आता ती पण छोटं छोटंच विचारते. मला नुसती मान हलवून हो-नाही म्हणता येईल, तेवढंच. पहिले इतके प्रश्न विचारायची की डोकं उठायचं."

चौकशी केली. दिवस गणपतीनंतरचे, ताप चिकुनगुनियाचाच. घरात आधी मुलीला, मग यांना. मुलगी आठवड्यात उड्या मारायला लागली, यांचे हात राहिले. बिल्डिंगमध्ये? सगळ्यांनाच. तापाआधी काही दुखत होतं? अजिबात नाही. रक्तातली आमवाताची खूण अगदी काठावर, धड हो नाही की धड नाही नाही. मी दुखणं कमी करायचं औषध दिलं, हात शेकायला सांगितले आणि म्हटलं, काही आठवडे वाट बघू. साथीत बहुतेकांचं असंच असतं.

"मी थांबते मॅडम," त्या म्हणाल्या. "पण पोरगी कुठे थांबते? ती मोठी होऊन राहिली ना."

दिवाळीच्या सुट्टीत त्या परत आल्या, तेव्हा सोबत लेकीला घेऊन आल्या. यशोधरा, घरची यशू. तिसरीत. समोरचा एक दात पडलेला, आणि नजर अशी की खोलीतली एकही हालचाल तिच्या तावडीतून सुटू नये. नमस्कार करायला मी खुणेनेच सांगितलं. वैशालीताईंनी तळवे जवळ आणले. फट होती तेवढीच होती. यशूने पुढे होऊन त्या फटीत आपली चार बोटं घातली आणि पलीकडून बाहेर काढून मला दाखवली. मी हसले. ती हसली नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले. यशू माझ्या ओठांकडे बघत होती. "आधी हिला ताप, मग तुम्हाला," असं मी म्हटलं, तेव्हा तिने आईचा दंड ओढला आणि भराभर हात हलवले.

"काय म्हणतेय?"

"काही नाही मॅडम. असंच."

"असंच म्हणजे?"

वैशालीताईंनी पदराने नाक पुसलं. "घरी येणारे-जाणारे बोलतात ना, चिकुनगुनियाने हाताचं वाटोळं केलं म्हणून. ती ओठ वाचते. ती म्हणते, ताप पहिले मला आला. माझा ताप तुला लागला. तर तुझे हात मीच मोडले ना?"

  पोरीने प्रश्न छोटे केले होते ते नुसते आईला त्रास नको म्हणून नव्हे. ती शिक्षा भोगत होती.

मी तिला समजावायला घेतलं, वैशालीताई जमेल तसं हातांनी सांगत गेल्या. हा ताप एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तो डास आणतो. यशूने ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि उलट विचारलं. आईने भाषांतर केलं, "डास आधी मला चावला आणि मग आईला चावला, तर?"

डास तसंच करतो. पोरीचं शास्त्र पक्कं होतं. त्या बाजूने माझी वाट बंद झाली होती.

मग मी माझा रोजचाच धंदा केला, चौकशी. फक्त साक्षीदार बदलला. "तिला विचारा, आईचे हात बिघडलेत हे तिला पहिल्यांदा कधी दिसलं?"

यशूने जरासा विचार केला. मग तिने हवेत एक आंबा चोखला. बोटांनी लांबचा रस्ता दाखवला, डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी दाखवली. मग आईची नक्कल केली. बोटं अर्धवट मिटलेली, एकमेकांना चिकटलेली, कुठलीच खूण पुरी न करता पुढे घसरणारी.

वैशालीताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "ती म्हणते, उन्हाळ्यात भंडाऱ्याला आजीकडे होतो, आंबे होते, तेव्हाच आई पुटपुटायला लागली." आणि मग माझ्याकडे वळून, "पण मॅडम, ते तर पापडाने! आईकडे पापड लाटले, काडीवर कणीक वळून सरगुंडे केले. तेव्हा सकाळी बोटं आखडायची थोडी. नंतर ऑफिस सुरू झालं, कोणाच्या ध्यानात राहते?"

"सकाळी किती वेळ आखडायची?"

"चहा-पाणी, आंघोळ होईपर्यंत. महिनाभर तरी रोज. पण पापडाने आखडतात ना?"

"पापड लाटून संध्याकाळी दुखतं, वैशालीताई. आणि महिनाभर रोज सकाळी आखडत नाही."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना जे झालं तेच आपल्याला झालं, हे इतकं सरळ दिसत होतं की उन्हाळ्यातलं दुखणं त्यांच्या आठवणीतून पुसलंच गेलं होतं. मीही साथ बघूनच विचार करत होते. पण आईच्या बोटांकडे रोज कुणीतरी बघत होतं. आपण आईचा आवाज बसला की ओळखतो, तसं यशूने ओळखलं होतं.

मी यशूला समोर उभं केलं आणि सावकाश, तोंड नीट उघडून बोलले. "आईचे हात आंब्याच्या दिवसांत दुखायला लागले. तू पाहिलंस. तुझा ताप गणपतीनंतरचा. मग आधी काय?"

तिने आईकडे पाहिलं. आईने एका बोटाने तिच्या खुणेतला आंबा पुन्हा दाखवला.  यशू टेबलावरचा माझा पेपरवेट उचलून त्यातली फुलं बघायला लागली. मुलांचं असंच असतं. ओझं उतरलं की ती आभार मानत बसत नाहीत.

आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. पुढच्या तपासण्या करून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. रोज घ्यायची नाही, एकदाच, हे मी नेहमीप्रमाणे पुन्हा पुन्हा बजावलं. यशू बाहेर गेली, तेव्हा वैशालीताई दारातून परत फिरल्या.

"मॅडम, मला खरं सांगा. तापाचा काहीच संबंध नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माहीत नाही," मी म्हटलं. "आजार तापाच्या आधीचा, एवढं मला स्पष्ट दिसतंय. पण आधीच चिडलेल्या आजाराला तापाने आणखी चेव आणला असेल. तुमचे हात एवढे बिघडले ते तापानंतरच ना? आणि मुळात आजार सुरू झाला तो कशामुळे, तेही माहीत नाही. त्याच्याही आधी कधीतरी असाच एखादा किरकोळ ताप येऊन गेला असेल, तुमच्या लक्षातही नसेल."

त्यांनी दाराबाहेर यशूकडे पाहिलं. "हे तिला नका सांगू."

"मोठी झाल्यावर ती विचारेल."

"मग मी सांगीन. पण एवढं सगळं सांगायला हात पाहिजेत, मॅडम. हे हो-नाहीमध्ये नाही सांगता येत. तुम्ही फक्त हात द्या."

असं मागणं माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. मी लेखी हमी कधी कुणाला दिली नाही, त्यांनाही नाही. पण त्या दिवसापासून गजभिये नाव दिसलं की मी चष्मा पुसून बसत असे.

औषधाला वेळ लागला. मध्ये एकदा पोट बिघडलं, एकदा शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी बंद झाली, त्यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. हिवाळ्यात फट तेवढीच होती. शिमग्याच्या सुमारास ती अर्ध्यावर आली. पुढल्या उन्हाळ्यात, भंडाऱ्याला जायच्या आधी, दोघी दाखवायला आल्या. मी दवाखाना बंद करायच्या तयारीत होते, माझे पेशंट माझ्या विद्यार्थिनीच्या हाती देत होते. त्यामुळे ती भेट शेवटची, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

वैशालीताई माझ्याशी बोलत असतानाच यशूने त्यांना थांबवलं आणि काहीतरी विचारलं. लांबलचक. दोन्ही हात, भुवया, खांदे, सगळं त्या प्रश्नात होतं. पूर्वी डोकं उठवणारे प्रश्न ते हेच असणार.

"काय विचारतेय?"

वैशालीताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तेच. ताप आला नसता तर माझे हात कमी दुखले असते का, म्हणून."

मोठी व्हायची वाट काही तिने पाहिली नव्हती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वैशालीताईंनी मला हातानेच थांबवलं. मग त्या खुर्चीत लेकीकडे वळून बसल्या आणि बोलायला लागल्या. बोटं उघडत होती, मिटत होती, वळत होती. उजवं मनगट अजून जरा कुरकुरत होतं, तिथे त्या डाव्या हाताने सांभाळून घेत होत्या. बराच वेळ बोलल्या. बाहेरून रिसेप्शनिस्टने दोनदा डोकावून पाहिलं, मी तिला परत पाठवलं. त्या काय सांगत होत्या, ते मला एक अक्षर कळलं नाही. मला जे माहीत नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं असेल. मध्ये एकदा डास दिसला, एकदा आंबा, आणि एकदा त्यांनी लेकीच्या छातीवर तळवा ठेवला आणि नाही, नाही अशी मान हलवली.

यशूची नजर त्यांच्या हातांवरून हलली नाही. आई थांबल्यावर तिने आईचे दोन्ही हात धरले, तळवे जुळवले आणि मध्ये बोट घालून पाहिलं. जाईना. तिने करंगळी घालून पाहिली, मग नखाचं टोक. मग माझ्याकडे वळून तिने मान हलवली. नाही.